जुन्या लॅपटॉपवर बोलणारं लिनक्स: कोणतं टाकावं, आणि आवाज कुठे कुठे तुटतो

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारे पूर्ण दृष्टिहीन आहेत, बरीच वर्षं एनव्हीडीए (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा विंडोजचा स्क्रीन रीडर) वापरतात आणि मराठीत एम.ए. करतायत. लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी, त्यावर विंडोज १०. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ या मशीनवर चढत नाही. त्यांचं म्हणणं असं: "स्क्रीन रीडरला सपोर्ट करणारी एखादी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम सांगा. ती मला स्वतःला टाकता आली पाहिजे. प्रत्येक वेळी डोळस माणूस शोधत बसायचं नाही."

मीही दृष्टिहीन आहे. रोजचं काम लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर करतो आणि इतरांना ते शिकवतो, त्यामुळे या प्रश्नाचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. "कोणतं लिनक्स स्क्रीन रीडरला सपोर्ट करतं?" एवढंच विचारलं तर उत्तर येतं, "जवळजवळ सगळीच." ऑर्का हा स्क्रीन रीडर बहुतेक प्रत्येक डिस्ट्रोमध्ये (लिनक्सच्या तयार संचात) मिळतो. पण तेवढ्याने काही ठरत नाही. पॉवरचं बटण दाबल्यापासून मराठी मजकूर कानावर पडेपर्यंत मध्ये किती ठिकाणी मशीन गप्प होतं, आणि गप्प झालं तर ते परत बोलतं करायला तुम्हाला एकट्याला जमतं का, हे मी पाहतो. डिस्ट्रोची निवड त्यावरून करावी.

मात्र आधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला विंडोज सोडायचंच आहे का? ऑफिसचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, डिजिटल सहीचं टोकन वापरावं लागत असेल, किंवा कॉम्प्युटरवर द्यायच्या परीक्षेची तयारी जॉज या विंडोजच्या दुसऱ्या स्क्रीन रीडरवर किंवा एनव्हीडीएवर चालली असेल, तर ते मशीन विंडोजवरच राहू द्या. विंडोज १० साठी घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेता येतात, तेवढा वेळ हाताशी राहतो. आणि मुक्त सॉफ्टवेअर वापरायची तुमची इच्छा एनव्हीडीएने आधीच बरीचशी पूर्ण केली आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ते लिहायला घेतलं आणि आजही ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुलं आहे. मात्र तुमचं काम वाचणं, लिहिणं, मेल आणि वेब एवढंच असेल, आणि एम.ए.साठी बहुतेक तेवढंच असतं, तर लिनक्सवर ते नीट होतं.

आता आवाज येतो कसा ते सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर उभी आहे. तुम्ही एखाद्या बटणावर आलात की त्या प्रोग्रॅमने आधी सांगावं लागतं, "हे बटण आहे, याचं नाव अमुक." ही माहिती एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेतून ऑर्काकडे जाते. ऑर्का वाक्य जुळवून ते स्पीच डिस्पॅचरकडे देतो, तो ईस्पीक एनजीसारख्या आवाजाच्या इंजिनकडे देतो आणि शेवटी ते साउंड कार्डातून बाहेर पडतं. यातली कुठलीही कडी निखळली तर तुमच्या कानाला एकच गोष्ट कळते: शांतता. आणि पहिली कडी सगळ्यात नाजूक आहे. प्रोग्रॅमने स्वतःची माहितीच दिली नाही तर ऑर्का कितीही चांगला असो, त्याच्याकडे बोलायला काही नसतं.

म्हणून डिस्ट्रोच्या आधी डेस्कटॉप, म्हणजे मेन्यू आणि खिडक्या दाखवणारा भाग, निवडा. आपल्या लोकांच्या वापरात मुरलेले दोन डेस्कटॉप आहेत, माटे आणि नोम. माटे हलका आहे, मेन्यूंची रचना जुन्या विंडोजसारखी आहे आणि एनव्हीडीएवरून आलेल्या माणसाला त्यात लवकर वाट सापडते. नोमची रचना नव्या धर्तीची आहे आणि ऑर्काचं काम मुळात नोम प्रकल्पातच चालतं, पण त्याला रॅम जास्त लागते. केडीई प्लाझ्मामध्ये अलीकडे सुधारणा होतायत, तरी नवशिक्याला तो मी अजून सांगत नाही. एक्सएफसीई हलका असला तरी त्याच्या पॅनेलमध्ये अडकायला होतं. ४ जीबी रॅमवर माझं मत सरळ माटेच्या बाजूने आहे.

तुमच्या वाचनात वेलँड हा शब्द येईल. पडद्यावर खिडक्या दाखवण्याची ही नवी पद्धत एक्स ११ या जुन्या पद्धतीची जागा घेते आहे. सुरक्षेसाठी वेलँडमध्ये तुम्ही दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये दाबलेली कीबोर्डची बटणं एखाद्या प्रोग्रॅमला ऐकता येत नाहीत. पण स्क्रीन रीडरचं काम ती ऐकण्यावरच चालतं. त्यामुळे कॅप्स लॉकला ऑर्काचं बटण करणं यासारख्या साध्या गोष्टीही तिथे अडत होत्या. मार्च २०२५ मध्ये आलेल्या नोम ४८ पासून यावर नीट उपाय झाला. मशीन नवं असेल आणि नोमच वापरायचा असेल, तर ४८ किंवा त्यापुढचाच घ्या. माटे अजून एक्स ११ वर चालतो, त्यामुळे तुम्हाला सध्या याची चिंता नाही.

तर माझं उत्तर: डेबियन या डिस्ट्रोची १३ वी आवृत्ती, त्यावर माटे.

कारण इन्स्टॉलर, म्हणजे सिस्टिम मशीनवर टाकणारा प्रोग्रॅम. डेबियनचा इन्स्टॉलर २०११ मध्ये आलेल्या आवृत्ती ६ पासून स्वतः बोलतो, त्यासाठी वेगळं हार्डवेअर लागत नाही. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू झालं की बूट मेन्यू तयार झाल्याची बीप येते. मग इंग्रजी एस दाबून एंटर करायचं. काही लॅपटॉपांत बीप ऐकू येत नाही. अशा वेळी काहीही न दाबता अर्धा मिनिट थांबा, बोलणारा इन्स्टॉलर आपोआप सुरू होतो. मशीनमध्ये एकाहून जास्त साउंड कार्डं सापडली, तर तो प्रत्येकावर बोलून बघतो आणि ज्यातून तुम्हाला आवाज येईल तिथे एंटर दाबायला सांगतो. पुढचं सगळं साध्या मजकुरात असतं. प्रश्न वाचला जातो, पर्यायांना क्रमांक असतात, तुम्ही क्रमांक टाइप करून एंटर करायचं. माउस नाही, चित्रं नाहीत, फोकस हरवायची भीती नाही. सुरुवातीचा आवाज फार संथ वाटेल. कॅप्स लॉक धरून ६ दाबलं की वेग वाढतो, ५ दाबलं की कमी होतो. आवाज मोठा करायला कॅप्स लॉक आणि २, लहान करायला १.

त्यात दोन ठिकाणी लक्ष द्या. रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड विचारतो तेव्हा तो रिकामा सोडला तर तुमच्या नेहमीच्या खात्यालाच प्रशासकाचे अधिकार मिळतात, आणि एकट्याने वापरायच्या मशीनवर तेच सोयीचं पडतं. दुसरं, डेस्कटॉपची यादी येईल तेव्हा माटेचा क्रमांक द्या. अशा बोलत्या पद्धतीने टाकलेलं डेबियन पुढेही बोलतं. पहिल्यांदा लॉगिनचा पडदा येतो तेव्हा ऑर्का हजर असतो, वेगळी सेटिंग शोधावी लागत नाही. तुमच्याकडे यूएसबीचा ब्रेल डिस्प्ले (पडद्यावरचा मजकूर ब्रेल ठिपक्यांत उमटवणारं यंत्र) असेल तर इन्स्टॉलर तो बहुधा स्वतःच ओळखतो, कारण तो चालवणारा बीआरएलटीटीवाय हा प्रोग्रॅम त्यात आधीपासून असतो.

आता गप्प जागा. यांबद्दल आधी माहीत नसलं की माणूस घाबरतो आणि आपणच काहीतरी बिघडवलं असं धरून चालतो.

पहिली जागा म्हणजे बायोस, मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग. तिथे कुठलाही स्क्रीन रीडर नाही, डिस्ट्रो कोणतीही घ्या. पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करायला अनेकदा तिथेच जावं लागतं. यावर मी विद्यार्थ्यांना एक वाट सांगतो: जुनी डिस्क काढून ठेवा आणि नवी रिकामी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवून घ्या. जुन्या लॅपटॉपची डिस्क बदलणं हे दुकानातलं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. रिकाम्या डिस्कवर सुरू होण्यासारखं काही नसतं, त्यामुळे बहुतेक मशीनं आपणहून पेन ड्राइव्हकडे वळतात आणि बायोसला हात लावावा लागत नाही. तरी दुकानदाराला तिथेच सांगून ठेवा, "बूट ऑर्डरमध्ये पेन ड्राइव्ह पहिला ठेवा." शिवाय तुमचं विंडोज, एनव्हीडीए आणि सगळ्या फायली जुन्या डिस्कवर जशाच्या तशा राहतात. लिनक्स जमलं नाही तर ती डिस्क परत लावली की काम सुरू. एसएसडीमुळे ४ जीबीचं मशीनही बरंच चपळ होतं, तो फायदा वेगळाच.

त्यात दुसऱ्या गप्प जागेचाही प्रश्न सुटतो. विंडोज आणि लिनक्स एकाच डिस्कवर ठेवले, तर सुरू करताना कोणती सिस्टिम हवी ते विचारणारा ग्रबचा मेन्यू येतो आणि ग्रब बोलत नाही. बाण किती वेळा दाबला हे मोजत निवड करावी लागते, आणि एखाद्या अपडेटनंतर यादीचा क्रम बदलला की ती मोजणी चुकते. शिवाय पार्टिशन, म्हणजे डिस्कचे भाग, पाडताना चुकीच्या ठिकाणी एंटर बसला तर डेटा गेला. मशीनमध्ये एकच रिकामी डिस्क असेल तर "पूर्ण डिस्क वापरा" हा पर्याय निर्धास्त निवडता येतो. फक्त इन्स्टॉलर पेन ड्राइव्हलाच डिस्क समजत नाही ना, हे क्षमतेचा आकडा ऐकून पक्कं करा.

तिसरी जागा पूर्ण डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन. त्याचा पासवर्ड मशीन सुरू होताना, आवाज यायच्या आधी विचारला जातो. ज्यांना लॅपटॉप घेऊन फिरायचं असतं त्यांना मी हे सांगतोही, कारण बीप किंवा पंख्याच्या आवाजावरून वेळ ओळखून पासवर्ड टाइप करायची सवय होते. पण पहिल्याच वेळी ते घेऊ नका.

चौथी जागा फक्त नव्या लॅपटॉपांची. त्यातल्या अनेक साउंड कार्डांना चालण्यासाठी वेगळं फर्मवेअर (हार्डवेअरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) लागतं, आणि ते नसेल तर इन्स्टॉलर बोलत असला तरी तुम्हाला ऐकू येत नाही. डेबियनने १२ व्या आवृत्तीपासून असं फर्मवेअर अधिकृत इमेजमध्येच (पेन ड्राइव्हसाठी उतरवायच्या फायलीत) द्यायला सुरुवात केली, त्यामुळे हा त्रास बराच कमी झाला. तरीही यूएसबीचा हेडसेट किंवा साधं यूएसबी साउंड कार्ड बॅगेत असू द्या. आतलं कार्ड रुसलं तर त्यातून आवाज मिळतो. मी कुणाच्याही घरी लिनक्स टाकायला जाताना ते सोबत नेतोच.

इतर पर्यायांकडे वळतो. उबुंटू माटे चांगला आहे; आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघायचं असेल तर मी तोच सुचवेन. डेस्कटॉप आला की ऑल्ट, विंडोजचं बटण आणि एस एकत्र दाबलं की ऑर्का बोलू लागतो. डिस्कला धक्का न लावता दोन दिवस फिरून बघा. फेडोराचं वर्कस्टेशन नव्या मशीनला आणि ज्याला नोमची ताजी आवृत्ती हवी त्याला चांगलं, पण त्याची आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येक वेळी काहीतरी बदलतं. ज्याला फक्त अभ्यास करायचाय त्याला एवढी धावपळ कशाला? स्लिंट ही स्लॅकवेअरवर बांधलेली डिस्ट्रो दृष्टिहीनांचा विचार करून बनवली आहे आणि तिचाही इन्स्टॉलर बोलतो, पण ती थोड्या अनुभवी माणसासाठी ठीक.

आपल्या देशातलं एक नाव मुद्दाम सांगतो, ॲक्सेसिबल कोकोनट. झेंडालोना या गटाने उबुंटू माटेवर ती उभी केली आहे. स्कॅन केलेली पानं वाचणारा लिओस आणि ब्रेल टायपिंगचा शारदा हे प्रोग्रॅम त्यात तयारच मिळतात. केरळच्या शाळांमध्ये वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअर शिकवलं जातं, आणि अशी कामं तशा वातावरणात रुजतात. एका शाळेच्या लॅबमध्ये पाच-सहा मशीनं एकदम तयार करायची असतील तर हा पर्याय फार सोयीचा. घेण्याआधी एवढंच बघा, की तिची ताजी आवृत्ती उबुंटूच्या कोणत्या आवृत्तीवर आहे आणि तिला अजून सुरक्षा अपडेट मिळतात का.

हे बघायला का सांगतो? खास दृष्टिहीनांसाठी बनवलेल्या डिस्ट्रो दोन-चार माणसांच्या खांद्यावर उभ्या असतात. व्हिनक्स आणि सोनार या दोन्ही एकेकाळी आपल्या लोकांत फार प्रिय होत्या. दोन्ही आता बंद आहेत. ज्यांनी त्या बनवल्या त्यांचं ऋण मी मानतो, पण एका विद्यार्थ्याने तीन वर्षांच्या अभ्यासाचा भार अशा प्रकल्पावर टाकू नये असं मला वाटतं. डेबियनमध्ये सुगम्यतेचं काम मूळ प्रकल्पाचाच भाग आहे. एखादा माणूस बाजूला झाला तरी तो बोलणारा इन्स्टॉलर पुढच्या आवृत्तीत असतो.

आता मराठीकडे येतो, कारण एम.ए. मराठीचा विद्यार्थी दिवसभर देवनागरीच ऐकणार.

ईस्पीक एनजीमध्ये मराठी आवाज आहे, कोकणीही आहे. तो यंत्रासारखा वाटतो, हे आधीच सांगतो. फोनवरच्या मराठी आवाजाची सवय असेल तर पहिला आठवडा कान कुरकुरतील. पण तो हलका आहे, फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतो आणि वेग कितीही वाढवला तरी शब्द तुटत नाहीत. मराठी आवाज लावला असताना मजकुरात रोमन लिपीतला शब्द आला तर तो इंग्रजीच्या नियमाने वाचतो, त्यामुळे मिश्र मजकुरात फारसं अडत नाही. इन्सर्ट आणि स्पेस दाबून ऑर्काची सेटिंग उघडा आणि मराठी वाचनासाठी एक वेगळं प्रोफाइल करून ठेवा. मेन्यू इंग्रजी आवाजात आणि पुस्तक मराठी आवाजात, अशी अदलाबदल मी दिवसभर करतो.

जुन्या मराठी फायलींची अडचण याहून मोठी आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण आत नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. कोणताही स्क्रीन रीडर ती तशीच वाचणार. प्राध्यापकांनी पाठवलेल्या नोट्सची पीडीएफ उघडली आणि अर्थहीन अक्षरं ऐकू आली, की समजा हेच झालंय. तिथे टेसरॅक्ट कामाला येतं. हे मुक्त ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, आहे; त्यात मराठीचा डेटा आहे आणि डेबियनमध्ये तो वेगळ्या पॅकेजने मिळतो. ओसीआरमायपीडीएफ हा प्रोग्रॅम सोबत टाकला की अख्ख्या पीडीएफला एका आज्ञेत (अशा फायलींसाठी त्यात फोर्स-ओसीआर हा पर्याय देऊन) वाचता येणारा मजकूर जोडून मिळतो. छपाई स्वच्छ असेल तर निकाल चांगला येतो. जुन्या, फिकट पुस्तकांत जोडाक्षरं चुकतात. एनव्हीडीएमध्ये इन्सर्ट आणि आर दाबून पडद्याचं ओसीआर करायची सोय तुमच्या हाताखाली होती, तशी तयार सोय ऑर्कात नाही. त्याची उणीव तुम्हाला जाणवेल. ओसीआरडेस्कटॉप नावाचा छोटा प्रोग्रॅम ती काही अंशी भरून काढतो.

टायपिंगसाठी मराठी इन्स्क्रिप्ट हा कीबोर्ड मिळतो. विंडोजवर तुम्ही इन्स्क्रिप्टनेच लिहीत असाल तर बोटांना काही नवं शिकावं लागणार नाही. ब्रेल वाचत असाल तर मजकुराचं ब्रेल करणाऱ्या लिबलुईमध्ये मराठीची तक्ती आहे आणि ऑर्का तीच वापरतो.

एनव्हीडीएच्या सवयींपैकी बऱ्याचशा टिकतात. फायरफॉक्समध्ये एच ने शीर्षकं, के ने दुवे, टी ने तक्ते, बी ने बटणं, ई ने लिहायच्या जागा सापडतात. ब्राउझ (पान वाचायचा) आणि फोकस (लिहायचा) मोड बदलायला तिकडे इन्सर्ट-स्पेस होतं, इकडे इन्सर्ट-ए आहे. ही एकच गोष्ट सुरुवातीला सतत चुकते, कारण इन्सर्ट-स्पेसला सेटिंगची खिडकी उघडते. इन्सर्ट-एच दाबून शिकण्याचा मोड सुरू करा, मग कोणतंही बटण दाबलं की त्याचं काम सांगितलं जातं. वेबसाठी फायरफॉक्स, मेलसाठी थंडरबर्ड, लिहायला लिबरऑफिस. या तिघांपासून सुरुवात करा. क्रोमियमच्या जातीचे प्रोग्रॅम कधीकधी गप्प राहतात, कारण त्यांची सुगम्यता वेगळी चालू करावी लागते.

आणि ऑर्का मध्येच गप्प झाला तर? ऑल्ट-एफ२ दाबा, ऑर्काचं नाव इंग्रजीत टाइप करा, एक जागा सोडून दोन आडव्या रेघा आणि रिप्लेस हा शब्द, मग एंटर. चालू असलेला ऑर्का बंद होऊन नवा सुरू होतो. हे अंधारात, काहीही न ऐकता टाइप करता आलं पाहिजे, म्हणून आवाज चालू असतानाच चार-पाच वेळा करून ठेवा. त्यानेही काही झालं नाही तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने मजकुराच्या कन्सोलवर जा. तिथे स्पीकअप नावाचा वेगळा रीडर असतो, तो थेट कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, बसतो आणि डेस्कटॉप कोसळला तरी बोलू शकतो. तिथून लॉगिन करून मशीन रीस्टार्ट करता येतं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी विंडोजवर असतानाच एनव्हीडीएच्या मदतीने रुफस या प्रोग्रॅमने उबुंटू माटेचा पेन ड्राइव्ह बनवा, तो चालवून बघा आणि साउंड व वायफाय चालतंय का ते तपासा. तो सुरूच होत नसेल, तर बूट ऑर्डरसाठी एकदा कुणाला तरी पडदा बघायला लागेल; घरात कुणी नसेल तर बी माय आइजवर व्हिडिओ कॉल करून स्वयंसेवकाला विचारता येतं. हे जमलं की एसएसडी बसवून घ्या आणि डेबियन टाका, शक्यतो नेटची वायर लावून. परीक्षा दोन महिन्यांवर असेल तर हे सगळं परीक्षेनंतर करा.

लॅपटॉपचं मॉडेल, साउंड कार्डाचं नाव (विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये एनव्हीडीए ते वाचून दाखवेल) आणि ब्रेल डिस्प्ले आहे का, एवढं कळवा. त्यावरून डेबियनची नेमकी कोणती इमेज उतरवायची ते सांगतो.